लोखंडी नांगर आणि ‘किर्लोस्कर खबर’

नव्या उद्योगाकडे लोकांचे लक्ष कसे वेधावे, हा प्रश्न बहुधा जाहिरातीचा समजला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभकाळ पाहिला असता मात्र त्याचे मूळ अन्यत्र आढळते. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून निघालेला हा व्यवसाय कडबा कापण्याच्या यंत्रावरून लोखंडी नांगराकडे वळला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. अशा शंकेचे निरसन शब्दांनी होणे कठीण. शेजाऱ्याचे नांगरलेले रान पाहूनच ती फिटावयाची. तोवर एकाच अवजारावर चित्त स्थिर ठेवणे हेच कारखानदाराचे खरे भांडवल होय, आणि ते रोकड भांडवलाहून दुर्मिळ असते.

१९१० मध्ये औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते १९२० मध्ये, म्हणजे नांगर रानात कसास उतरल्यानंतर. मालाची माहिती देणाऱ्या या पत्राने पुढे सामाजिक प्रश्नांनाही स्थान दिले आणि नांगराशी ज्यांचा कधी संबंध येणार नव्हता असे वाचकही त्यास लाभले. (या लोकप्रियतेने किती नांगर खपले, हा हिशेब निराळा.) १९२९ मध्ये त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले आणि वाचकांचे लक्ष हाच एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला.