बालकाच्या शौचांतील रक्त

गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमचा नऊ महिन्यांचा नातू एकाएकीं किंचाळून रडे, पाय पोटाशीं घेई, आणि थोड्या वेळानें ग्लानि येऊन स्वस्थ पडे. पुनः तोच प्रकार. घरांत दृष्ट काढून झाली, बेंबीभोंवतीं हिंगाचा लेप झाला. या उपचारांस आमचीही संमति होती, हें कबूल करणें भाग आहे. तिसऱ्या प्रहरीं लंगोटांत कोकमाच्या आगळासारखें लाल, आंवमिश्रित रक्त दिसलें, तेव्हां आमचे डोळे उघडले.

रुग्णालयांत सोनोग्राफीनें निदान झालें. आंतड्याचा एक भाग पुढच्या भागांत, दुर्बिणीची नळी नळींत शिरावी तसा, शिरला होता. सहा महिने ते तीन वर्षें या वयांत हा विकार विशेष आढळतो. विलंब झाल्यास अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो कुजतो. प्रथम शिरेवाटे सलाइन देऊन मग गुदमार्गानें बेताच्या दाबानें हवा सोडली, आणि शस्त्रावांचून आंतडें पूर्ववत् झालें. तें फुटलें असतें, तर शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नव्हतें. पुनः तसेंच होण्याचा संभव असल्यानें बाळास ती रात्र तेथेंच ठेविलें.

चरकसंहितेंत रक्तपित्ताचे ऊर्ध्वग व अधोग असे भेद केले आहेत. आधुनिक वैद्यकाचा पहिला प्रश्नही तोच, रक्त वरून येतें कीं खालून? ओकारींतील रक्त, किंवा डांबरासारखा काळा चिकट मळ, हें बहुधा वरच्या भागांतील स्रावाचें लक्षण. (लोहाच्या औषधानेंही मळ काळा होतो, आणि बीट खाल्ल्यानें तांबडा, आधीं तें आठवावें.) प्लीहा वाढलेल्या मुलास रक्ताची ओकारी झाली, तर यकृताकडे जाणारी मोठी शीर कोंडून अन्ननलिकेंतील शिरा फुगल्याचा संशय घेतात, दुर्बिणीनें पाहून त्यांस रबरी कडीं बसवितां येतात. कठीण मळावर तांबड्या रेषा व शौचाचे वेळीं वेदना असतील, तर बहुतेक गुदद्वाराची चीर. तेथें मलावरोध घालविणें हाच मुख्य उपाय. वेदनेवांचून रक्त पडत असेल, तर मोठ्या आंतड्यांतील मांसांकुर, अथवा मेकेल या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें १८०९ सालीं वर्णिलेली लहान आंतड्याची जन्मजात पिशवी. नवजात अर्भकास याच भीतीस्तव जन्मतांच 'के' जीवनसत्त्वाची सुई टोंचतात.

मूल पांढरें पडलें, हातपाय गार झाले, नाडी धांवूं लागली, कीं तत्काळ रुग्णालय गांठावें. रक्तदाब ठीक निघाला म्हणूनही स्वस्थ बसूं नये; मुलांत तो फार उशिरां उतरतो.

डॉक्टरांनीं आमच्याकडे पहिली मागणी केली ती त्या लंगोटाची. घरच्या मंडळींनीं तो केव्हांच धुऊन वाळत घातला होता.