चौकट : शिकारखान्यातल्या रायफली

बडोद्याच्या गायकवाडांकडे काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले असत. मोठ्या जनावरांसाठी मात्र संस्थानी शिकारीत रायफलच लागे. तिची निवड कशी होई?

• वेग की वजन? गोळीचे वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते; वेग दुप्पट केला तर चौपट.

• ०.२७५ रिग्बी : सुमारे ९ ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे ८४० मीटर. जिम कॉर्बेट यांची आवडती.

• ०.३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२) : सुमारे १९ ग्रॅम, सेकंदाला सुमारे ७६० मीटर. वाघापासून गव्यापर्यंत चाले.

• ०.४७० नायट्रो : सुमारे ३२ ग्रॅम, सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. ०.४५० बोअरच्या आयातीवर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात बंदी घातल्यावर पुढे आली.

• गोळीचे टोक : वाघासाठी मऊ टोकाची, आत शिरताच फुलणारी, जाड कातडी-हाडांसाठी पूर्ण धातूवेष्टित, खोल जाणारी. चुकीची गोळी म्हणजे जखमी जनावराचे हाल.

• आज : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. भारतातून नामशेष झालेला चित्ता २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणावा लागला. या रायफलींची जागा आता संग्रहालयातच असावी.