कापसाचा भाव आणि चार ओळींची पाटी

तेल्हाऱ्याहून एका वाचकाचा प्रश्न आलाय: ‘मोबाइलवरच्या एआयला कापसाचा भाव विचारला, तर त्याने बाजारातल्या भावाच्या दुप्पट सांगितला. बाजार समितीची माहिती त्याच्यापर्यंत पोचत नाही का?’

पोचत असावी. घोळ बहुधा त्याच्या अलीकडचा आहे. एआयमागच्या भाषा हाताळणाऱ्या मॉडेलला आजचा भाव मुळात ठाऊकच नसतो. तो आणून देणारे छोटे प्रोग्रॅम त्याच्या हाताशी दिलेले असतात. त्यांना ‘टूल’ म्हणतात. मजा अशी, की टूलच्या आत काय चालतं ते मॉडेलला दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. अडतीवर नवा लागलेला हुशार पोरगा गोदामात पाय न ठेवता नुसत्या पाट्या वाचून माल मागवतोय, तसलाच हा प्रकार.

आता पाटीवर एवढंच लिहिलंय असं समजा: ‘कापसाचे भाव देते.’ आत मात्र रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, दर आहे, आणि रुई विकली जाते खंडीवर. एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. दर खंडीला ५५,००० रुपये असेल, तर चलाख मॉडेल स्वतःहून भागाकार करतं आणि ठामपणे सांगतं, ‘क्विंटलला साधारण १५,४५०.’ गणित बरोबर, माल चुकला! शेतकरी विकतो तो सरकीसकट कापूस. २०२५-२६ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभावच क्विंटलला ८,११० रुपये होता.

हीच पाटी नीट लिहिली तर अशी होईल: ‘बाजार समितीत सरकीसकट कापसाला मिळालेला किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, रुपये प्रति क्विंटल. बाजार समितीचं नाव आवश्यक. नुसता जिल्हा चालणार नाही. रुईच्या दरासाठी वापरू नये. त्या दिवशी लिलाव नसेल तर शून्य नव्हे, “व्यवहार नाही” असं उत्तर येतं. सोबत शेवटच्या व्यवहाराची तारीख.’ यातली जिल्ह्याची अट गाळली, की तेल्हाऱ्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणचा, अकोल्याचा भाव मिळालाच म्हणून समजा. शून्याबद्दलचं वाक्य गाळलं, तर रविवारी कापूस फुकट!

हे शहाणपण एआयवाल्यांचं नवं नाही. डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच ते मांडलं होतं: प्रोग्रॅम वापरणाऱ्याला तो बरोबर वापरण्यापुरतं सगळं सांगा, त्यापलीकडे काही सांगू नका. यातलं दुसरं कलम विसरू नये. चाळीस टूलांना पानभर वर्णनं चिकटवली, तर मॉडेल त्यातच गुरफटून भलतं टूल उचलतं. पुढे अमेरिकी नौदलाच्या ए-७ विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी पार्नासच्या गटाने अशाच शिस्तीत कागदपत्रं तयार केली, आणि त्यातल्या चुका काढल्या त्या वैमानिकांनी. त्यांना प्रोग्रॅमिंगशी देणंघेणं नव्हतं; विमान कसं वागायला हवं, ते पक्कं ठाऊक होतं. हाच माणूस १९८५ मध्ये ‘स्टार वॉर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी संरक्षण योजनेच्या समितीतून बाहेर पडला. इतक्या मोठ्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आजच्या एआयच्या जाहिरातींत त्याचं नाव दिसत नाही, यात नवल नाही.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींच्या तरतुदीसह. चर्चा होईल ती मॉडेल केवढं मोठं, ड्रोन किती, यांची. माझी मागणी स्वस्तातली आहे. टूलांची वर्णनं साध्या मराठीत छापा आणि बाजार समितीच्या कर्मचाऱ्यासमोर, अडत्यासमोर, खारपाणपट्ट्यात पऱ्हाटी लावणाऱ्यासमोर ठेवा. कोड वाचणं त्यांचं काम नाही, पण ‘कोणता कापूस? कुठला बाजार? कधीचा भाव?’ हे तीन प्रश्न त्यांच्याइतक्या चटकन दुसरं कोणी विचारणार नाही.