घड्याळ पेटीकडे लावा

१९८४ साली भोसरीतल्या एका कारखान्यात मी टाइम स्टडीवाला म्हणून लागलो. हातात पाटी, पाटीवर बसवलेलं स्टॉपवॉच. मी शॉपमध्ये शिरलो की कामगार एकमेकांना खुणावत, ‘‘घड्याळ आलं.’’ त्या घड्याळात मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग असत. कुठला ऑपरेटर किती भाग वाया घालवतो ते मी टिपायचं आणि सुपरवायझरने त्याला झापायचं, अशी एकूण व्यवस्था.

प्रेसवर एक मामा होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. दर नगामागे त्यांना इतरांपेक्षा पाच-सहा भाग जास्त लागत. मी शेरा मारला : ऑपरेटर मंद. जेवणाच्या सुट्टीत मामा म्हणाले, ‘‘साहेब, घड्याळ माझ्याकडं लावलंय ते ठीक. एकदा त्या पेटीकडं बी लावा की.’’

कच्च्या मालाची पेटी जमिनीवर होती. बाकीच्या प्रेसजवळ पेटी ठेवायला लोखंडी घडवंची होती. मामांची मोडली होती आणि ती बदलावी असं कुणाला वाटलं नव्हतं. नग पाव किलोचा, पाळीला १२०० नग. पण वाकणारा माणूस नुसता नग उचलत नाही. स्वतःचं धड, डोकं आणि हातही उचलतो, आणि हे वजन शरीराच्या निम्म्याहून जास्त भरतं. मामा ६० किलोचे. म्हणजे दर नगाला निदान ३० किलो, पाळीला ३६,००० किलो. हिशोब चुकला असेल म्हणून मी पुन्हा मांडला. तेवढाच आला. ३६ टन उचलणाऱ्या माणसाला मी मंद लिहिलं होतं.

खरं तर हे मी कॉलेजात शिकलो होतो. फ्रँक गिलब्रेथ नावाचा अमेरिकन माणूस तरुणपणी गवंडीकामात शिरला. त्याने पाहिलं, की प्रत्येक विटेसाठी गवंडी पायापर्यंत वाकतो. त्याने विटा आणि मसाला कमरेच्या उंचीवर येईल अशी, भिंतीबरोबर वर सरकवता येणारी पराची केली. एका विटेमागच्या हालचाली अठरावरून पाचाच्या आसपास आल्या. परीक्षेत हे मी झकास लिहिलं होतं. मामांच्या पायाशी तीच वीट पडलेली मला दिसली नव्हती.

या विद्येला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ग्रीक भाषेत ‘एर्गोन’ म्हणजे काम, ‘नोमोस’ म्हणजे नियम. १८५७ साली यास्त्शेंबोव्स्की या पोलिश निसर्गअभ्यासकाने हा शब्द वापरला. तो विसरला गेला आणि १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये मरेल यांनी पुन्हा रुजवला. मी मात्र लोकांना शिंप्याचं उदाहरण देतो. शिंपी आधी माप घेतो, मग कापड कापतो. कारखान्यात आम्ही कापड आधी कापून ठेवायचो आणि त्यात माणूस बसवायचो.

मामांना घडवंची मिळाली. ते पाच-सहा भाग वाचले. पुढच्याच महिन्यात व्यवस्थापनाने टार्गेट १२०० वरून १५०० केलं, माझ्याच कागदाच्या आधारावर. चार महिन्यांनी मामांनी मनगटाला फडकं गुंडाळलेलं दिसलं. म्हणाले, ‘‘कंबर वाचली साहेब, मनगट गेलं.’’ एकच हालचाल, तीच शीर, तोच सांधा, दिवसाला पंधराशे वेळा. दर दोन तासांनी प्रेसवरचा माणूस पॅकिंगला आणि पॅकिंगचा प्रेसवर, एवढी अदलाबदल केली असती तरी बराच फरक पडला असता. मी तसं लिहूनही दिलं. फाइल कुठे गेली, कुणास ठाऊक. उंची इंजिनिअर ठरवू शकतो. वेग आणि वजन दुसरेच लोक ठरवतात. मार्केट यार्डातलं १०० किलोचं पोतं ५० किलोवर आणायला हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, तेव्हा कुठे त्यांच्या मणक्यांचा विचार झाला.

आणखी एक चूक मी केली. पुढे टेबलं बनवायची वेळ आली तेव्हा सगळ्या कामगारांची उंची घेऊन सरासरी काढली आणि टेबलं त्या मापाची केली. उंच माणसं वाकू लागली, बुटकी खांदे उचलू लागली. अमेरिकी हवाई दल हा धडा आधीच शिकलं होतं. १९५० मध्ये तिथे ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं निवडून पाहिलं, तर दहाच्या दहा मापांत सरासरीजवळ बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. सरासरी माणसाची कॉकपिट कुणालाच नीट बसत नव्हती! मग आसन पुढे-मागे, वर-खाली सरकवण्याच्या सोयीवर भर आला. आज तुम्ही गाडीची सीट सरकवता, त्यामागेही तोच विचार.

निवृत्त होऊन घरी बसलो आणि लक्षात आलं, की आमच्या घरातलं प्रेस शॉप मी तीस वर्षं पाहिलंच नाही. बायकोचे खांदे दुखायचे. तेल झालं, शेक झाला, डॉक्टर झाले. उंची तिची चार फूट अकरा इंच. ओटा ३४ इंचांचा, कारण गवंडी सगळीकडे तेवढाच घेतो. त्यावर दोन इंचांचं पोळपाट. काम गेलं ३६ इंचांवर. तिचं कोपर ३७ इंचांवर. खांदे वर उचलल्याशिवाय लाटण्यावर जोर येणार कसा? माझी आई भाकरी थापायला खाली बसायची ती नुसती जुनी सवय म्हणून नव्हे. वरून वजन टाकता यायचं.

ढोबळ नियम असा : बारीक नजरेचं काम कोपराच्या जरा वर, हलकं काम कोपराखाली चार बोटं, जोराचं काम वीतभर खाली. आणि कुठलीही स्थिती फार वेळ धरू नये. भरलेला तांब्या हात लांब करून धरून पाहा. हात हलत नाही, तरी दोन मिनिटांत भरून येतो, कारण आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. मोबाइलवर झुकलेल्या मानेचं तेच होतं. महागडी खुर्चीही यातून सोडवत नाही. अर्ध्या तासाने उठावंच लागतं.

योगायोग म्हणजे गिलब्रेथची बायको लिलियन. नवरा १९२४ मध्ये गेला. बाईमाणूस म्हणून कारखाने तिला काम देईनात, तेव्हा तिने स्वयंपाकघराचा अभ्यास मांडला आणि सांगितलं, की ओट्याची उंची काम करणारीच्या उंचीवरून ठरवा. मी टेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो तेव्हा बायकोच्या पायाखाली तीन इंची पाट होता. ‘‘अहो, हा कधीचा आहे,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्हाला आज दिसला.’’

पाटावरून पाय सरकण्याची भीती, म्हणून आम्ही ओटा फोडून ३१ इंचांचा केला. आता भांडी मी घासतो आणि मला तो बुटका पडतो. बेसिनात पातेलं पालथं घालतो आणि त्यावर टब ठेवतो.