प्राईम की झूम? घरातल्या फोटोंसाठी लेन्स घेण्याआधी

ईदच्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असतं. कोणीतरी कपाटातला कॅमेरा काढतो, भरपूर फोटो होतात आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर निम्मे हललेले. नानीच्या मांडीवरच्या बाळाचा चेहरा पुसट, हात तर दिसतच नाहीत. मग नवा कॅमेरा घ्यायची चर्चा सुरू होते. आमचं म्हणणं, जरा थांबा. बहुतेक वेळा कॅमेरा ठीक असतो, कमी पडते ती लेन्स.

कॅमेऱ्यासोबत सहसा १८-५५ मिमीची झूम लेन्स मिळते. रिंग फिरवली की दूरचं जवळ दिसतं. प्राईम लेन्सला ही सोय नाही. ३५ मिमी म्हणजे ३५ मिमीच, जवळ यायचं तर आपल्याच पायांनी चालायचं. (आपल्या मोबाईलचा मुख्य कॅमेराही प्राईमच असतो, म्हणजे सवय आपल्याला आहेच.) मग कमी सोयीच्या लेन्सला वेगळे पैसे का मोजायचे? उजेडासाठी.

लेन्सच्या आत एक झरोका असतो, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. त्याचा आकडा जितका लहान, तितका झरोका मोठा. सोबत मिळालेली झूम ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडते. साधी प्राईम एफ १.८ पर्यंत उघडते. हिशेब केला तर प्राईममधून नऊ पटींहून जास्त उजेड आत येतो. ट्यूबलाईटखाली झूमला जिथे १/१५ सेकंद लागतो, तिथे प्राईमचं काम १/१२५ सेकंदात होतं. १/१५ सेकंदात बाळ मान वळवून मोकळं होतं! काही झूम लेन्समध्ये फोटो हलू नये म्हणून स्टॅबिलायझेशन असतं, पण ते आपला हात सावरतं, पळणारं मूल नाही.

एफ २.८ वाल्या झूम लेन्सही मिळतात, पण त्या जड आणि महाग. घरच्या फोटोंसाठी इतका खर्च आम्हाला पटत नाही.

आता कोणती प्राईम? दुकानदार बहुधा ५० मिमी पुढे करतो, कारण ती स्वस्त असते. इथे आम्ही फसलो होतो. आपल्याकडच्या बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सर लहान असतो, त्यामुळे ५० मिमीची लेन्स ७५ ते ८० मिमीसारखं दाखवते. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी दस्तरखानावरचे चारच जण फोटोत आले, बाकीचे बाहेर. एकट्या माणसाच्या फोटोला ती छान, पण घरात ३५ मिमी बरी.

निकाहच्या हॉलमध्ये मात्र झूमच हवी. तिथे मध्येच पुढे जाता येत नाही, उजेडही भरपूर असतो. प्रवासातही तेच. धुळीत सारखी लेन्स बदलत बसणं बरं नाही.

पैसे देण्याआधी एक करून बघा. कॉम्प्युटरवर जुन्या फोटोंची माहिती उघडा, प्रत्येक फोटो किती मिमीवर काढला ते तिथे लिहिलेलं असतं. आवडते पन्नास फोटो तपासा. बहुतेक ३५ च्या आसपास असतील तर उत्तर मिळालं. १८ आणि ५५ या दोन टोकांना असतील तर झूमच ठेवा. नाहीतर झूमची रिंग ३५ वर आणून चिकटपट्टी लावा आणि एक दिवस तसंच वापरा. चिडचिड झाली तर प्राईम तुमच्यासाठी नाही.

जुनी लेन्स घेणार असाल तर मागून टॉर्च मारून आत बघा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. निकॉनवाल्यांनी आणखी एक बघावं. जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर फोकस हातानेच करावा लागतो.

आणि प्राईम आणलीच, तर सगळ्या खानदानाचा फोटो १.८ वर काढू नका. पुढच्या रांगेतला भाचा स्पष्ट येईल आणि मागे उभे असलेले मामू धूसर. आकडा ४ किंवा ५.६ वर न्या, दिवे सगळे लावा आणि पोरांना दोन सेकंद गप्प उभं करा, जमलं तर!