हद्दीबाहेरचे बोम्मसंद्रा
(नगर आणि गाव : लेखांक ५)

होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडली की हेब्बगोडी आणि बोम्मसंद्रा लागते. कारखान्यांची वसाहत, नारायण हृदयालयासारखे मोठे रुग्णालय आणि १० ऑगस्ट २०२५ पासून आर. व्ही. रोडहून येणाऱ्या मेट्रोचे शेवटचे स्थानक, हे सारे पाहणाऱ्याला बेंगळुरूच वाटते. बोम्मसंद्राचा कारभार मात्र आनेकल तालुक्यातल्या वेगळ्या नगरपालिकेचा आहे. २०२५ मध्ये बेंगळुरूच्या एका महापालिकेच्या पाच झाल्या, तेव्हाही बोम्मसंद्रा बाहेरच राहिले. त्याला आत घ्यावे, ही मागणी समजण्यासारखी आहे. तरीही माझे मत आहे की आधी सेवा पोहोचाव्यात, हद्द नंतर बदलावी.

याला आधार बेंगळुरूचाच आहे. २००७ मध्ये सात नगरसभा, केंगेरीची नगरपालिका आणि सुमारे ११० गावे शहरात आली. त्या गावांसाठी आखलेला कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली सतरा वर्षे ती शहराची होती, पण कावेरीचे पाणी त्यांच्यासाठी कागदावरच होते. पुण्यात २०१७ साली उरुळी देवाची आणि फुरसुंगी महापालिकेत आली. जादा मिळकतकर आणि अपुऱ्या सुविधांवरून असंतोष वाढला आणि अखेर २०२४ मध्ये दोन्ही गावांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. ग्रीसमध्येही हेच घडले. कर्जसंकटाच्या काळात खर्च आटोक्यात आणण्यासाठी २०११ पासून १,०३४ पालिका एकत्र करून ३२५ केल्या गेल्या. पीचच्या बागांसाठी ओळखले जाणारे वेल्वेंदोस हे गाव तेव्हा शेजारच्या सेर्व्हियाशी जोडले गेले. २०१९ मध्ये कायदा करून त्याची पालिका पुन्हा वेगळी करावी लागली. लेस्बोस, कॉर्फू, सामोस आणि केफालोनिया या बेटांवरच्या एकत्रित पालिकाही त्याच वर्षी विभागल्या गेल्या.

यावर म्हणता येईल की, ही मोजकी उदाहरणे आहेत. बहुतेक ग्रीक पालिका एकत्रच राहिल्या. ते खरे आहे, आणि म्हणूनच विलीनीकरण सरसकट चूक आहे असे मी म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाणी, सांडपाणी, कचरा हद्द ओळखत नाहीत आणि छोट्या पालिकेकडे अभियंते व पैसा दोन्ही कमी असतात. पण त्यासाठी पालिका बुडवावी लागत नाही. या सेवा महानगराच्या पातळीवर एकत्र चालवता येतात आणि गल्लीतला रस्ता, दिवे, बांधकाम परवाना, मिळकतकर स्थानिक सभेकडे ठेवता येतात. उलट, बोम्मसंद्रात वसाहतीतल्या कारखान्यांचा कर कोणाच्या तिजोरीत जातो हा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. धूर, अवजड वाहने आणि भाडेकरू कामगारांची गर्दी ज्या वस्तीला सोसावी लागते, तिला त्या करातला वाटा मिळालाच पाहिजे. शेजारच्या इलेक्ट्रॉनिक सिटीला २०१३ पासून स्वतःचे औद्योगिक नगर प्राधिकरण आहे. बोम्मसंद्राच्या कामगार वस्तीला तेवढा अधिकार का नसावा?

म्हणून विलीनीकरणाचा प्रस्ताव आला, तर बोम्मसंद्राच्या नागरिकांनी दोन गोष्टी आधी लेखी मागाव्यात: जलवाहिनी पूर्ण होण्याची तारीख आणि वसाहतीच्या करातला आपला ठरावीक हिस्सा.