शेकाट्याचा पांढरा रंग हरवू नये म्हणून

घटप्रभा नदीवर धुपदाळचा बंधारा १८९७ साली झाला तो शेतीच्या पाण्यासाठी. पण मागे तुंबलेल्या पाण्याच्या कडेचा चिखल पक्ष्यांच्या पथ्यावर पडला. गोकाक तालुक्यातल्या या परिसराला आता घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणतात. हिवाळ्यात येणाऱ्या करकोच्यांसाठी त्याची ख्याती आहे. तरी कॅमेरा नवा असेल तर लांबच्या पाहुण्यांमागे धावू नये. आधी शेकाट्याशी ओळख करावी. पांढरे पोट, काळे पंख, लांबलचक गुलाबी पाय. गावच्या तळ्यावर, अगदी सांडपाण्याच्या डबक्यातही तो भेटतो. कन्नडात त्याला मेट्टुगालु हक्की म्हणतात. पायांना काठ्या बांधून चालणाऱ्याचे चित्र त्या नावातच आहे.

याचा फोटो फसतो तो बहुधा पांढऱ्या रंगात. कॅमेऱ्याचे मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी धरून चालते. काळसर पाण्यात छोटा पांढरा पक्षी आला की त्याला वाटते, उजेड कमी आहे. मग ते फोटो उजळवते आणि छातीवरची पिसे चुन्याच्या ठिपक्यासारखी सपाट होतात. अशा वेळी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप उणे करावे. बगळ्याचेही (आपल्या घरातल्या कन्नड बोलणाऱ्यांच्या बेळ्ळक्कीचेही) तसेच. तोच पक्षी उजळ आभाळात उडाला की हिशेब उलटतो, तिथे अधिक करावे लागते. रॉ फाइल ठेवावी. सावलीतला तपशील नंतर बराचसा वर काढता येतो, पण पूर्ण उडालेला पांढरा परत येत नाही. चालत्या पक्ष्याला शटर एक पंचशतांश सेकंद पुरते, उड्डाणाला दोनहजारांश. सकाळी उजेड कमी म्हणून आयएसओ वाढवावा. थोडे दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही.

उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी चिखलाला चिकटलेला दिसतो. बांधावर पालथे झोपून लेन्स पाण्याच्या पातळीला आणली की मागचे सारे विरघळते आणि पायांसह प्रतिबिंबही मिळते. महागडी बीनबॅग नको. जुन्या पँटचा पाय कापून त्यात तांदूळ भरून दोन्ही टोके शिवली की झाले. (घरात आधी विचारावे!) पक्ष्याच्या रोखाने सरळ जाऊ नये, तिरके, थांबत थांबत जावे. तो चरणे सोडून मान उंच करील तिथे आपणही थांबावे. मान उंच करून उभा असलेला पक्षी खात नसतो, आणि हिवाळी पाहुण्यांना परतीच्या प्रवासाची चरबी याच चिखलातून जमवायची असते.

उन्हाळ्यात तर आणखी जपावे लागते. शेकाट्या आणि टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली किंवा पक्षी लंगडल्यासारखा दूर जाऊ लागला, तर ती पोज नव्हे. घरटे जवळ आहे. तेवढा वेळ अंडी कडक उन्हात उघडी पडतात आणि कावळा टपलेलाच असतो. आल्या पावली परतावे, जागा कुणाला सांगू नये. घरट्यावरचा फोटो काढायला कौशल्य लागते हे मला पटत नाही; पक्ष्याला तिथून हलता येत नाही, एवढेच त्याचे रहस्य आहे. अभयारण्यात जायचे तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

घरी आल्यावर मूळ फाइल जपून प्रतीवर काम करावे. प्रथम पाण्याची रेघ सरळ करावी. तळे कलले की किती सुंदर पक्षी असला तरी नजर अडखळते. कापताना पक्षी ज्या बाजूला बघतो तिकडे मोकळी जागा सोडावी, आणि पाय व प्रतिबिंब छाटू नये. मग हायलाइट्स खाली आणून पिसांच्या रेषा शोधाव्यात. रंग भडक करणे मात्र टाळावे. गुलाबी पाय प्लास्टिकच्या बांगडीसारखे दिसू लागले की समजावे, हात आखडायची वेळ झाली. कोवळ्या उन्हाचा पिवळेपणा थोडा राहू द्यावा. दाणे कमी करून धार अगदी शेवटी द्यावी, तीही डोळ्याला आणि चोचीला.

आता मोबाइलसुद्धा नसलेली पिसे रंगवून देतो. समोरची गवताची काडी पुसणे एका बोटाचे काम झाले आहे. दिवाणखान्यातल्या फोटोपुरते ते खपेल. निसर्ग छायाचित्रांच्या स्पर्धांचे मात्र नियम कडक असतात. फियाप, पीएसए आणि आरपीएस या संस्थांच्या समान व्याख्येत कापायला मुभा आहे, पण चित्रात काही घालायला किंवा त्यातून काही पुसायला नाही. पक्ष्याच्या पायाशी प्लास्टिकची पिशवी असेल तर तीही मला राहू द्यावीशी वाटते. ते तळे तसेच आहे.

फाइलला तारीख, तळ्याचे नाव आणि पक्ष्याचे नाव मराठी-कन्नड दोन्हींत लिहून ठेवावे. मराठी नावे मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’त सापडतात, कन्नडसाठी पूर्णचंद्र तेजस्वींची पक्ष्यांवरची पुस्तके आहेत, तेजस्वी स्वतः कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे तासन्‌तास बसणारे लेखक. मुलांना कन्नड नाव शाळेत कळते, मराठी आजीकडून. बऱ्याचदा त्यांना ठाऊक नसते, की दोन्ही नावांचा पक्षी एकच आहे.